लग्नाचा वाढदिवस, औलीचा उतार आणि सासूबाईंचं बीपी

पत्र थोडक्यात असं:

कोल्हापूरच्या एक वाचक, वय ४७. एका करसल्लागाराच्या ऑफिसात नोकरी, यजमानांचं औषधांचं दुकान. मुलगी पुण्यात इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला, मुलगा आठवीत. घरी ७४ वर्षांच्या सासूबाई. येत्या २८ डिसेंबरला लग्नाला पंचवीस वर्षं होतात. दहा वर्षांपूर्वी मनालीच्या सहलीत सोलंगला कोणीतरी त्यांना भाड्याचा कोट आणि बूट घालून स्कीवर उभं केलं, शंभरेक फूट ढकललं, फोटो काढला आणि पैसे घेतले. ‘त्या शंभर फुटांत जे वाटलं ते अजून विसरले नाही,’ असं त्या लिहितात. म्हणून यंदा पाच दिवस सगळ्यांनी मिळून एखाद्या शांत ठिकाणी जायचं, ‘फक्त बर्फ आणि आम्ही’, आणि स्कीइंग नीट शिकायचं असा त्यांचा बेत आहे. मुलीला गुलमर्ग हवंय. सासूबाई काश्मीरचं नाव काढू देत नाहीत. यजमान म्हणतात, ‘या वयात पडून गुडघा मोडून घ्यायचाय का? दोन वर्षं थांब, सरळ स्वित्झर्लंडला जाऊ.’ एका एजंटनं डिसेंबरअखेरीस उत्तराखंडमधल्या औलीला ‘बर्फाची गॅरंटी’ दिली आहे. प्रश्न दोन: जायचं कुठे? आणि मी हट्टीपणा करतेय का?

ताई,

तुमचं पत्र वाचलं, पण खरी गंमत सोबतच्या यादीत आहे. सासूबाई: बीपीच्या गोळ्या, शेकायची पिशवी, मऊ भात मिळतो का. हे: नी-कॅप, दुकानाच्या किल्ल्या कोणाकडे. मुलगी: वायफाय. मुलगा: हातमोजे दोन जोड, तिखट चालत नाही (कोल्हापुरात राहून! असो). आणि सगळ्यात खाली, कागद संपता संपता, ‘मी: स्की’. एवढंच. बुटांचा नंबर नाही, कपडे नाहीत, किती दिवस शिकायचं ते नाही.

ही सहल पाच जणांची आहे आणि तिच्या मॅनेजर तुम्ही आहात. त्यातून वेळ उरला तर तासभर स्की. सोलंगला झालं तेच पुन्हा होईल, फक्त या वेळी ढकलणारा जरा जास्त पैसे घेईल.

मी ५१ व्या वर्षी औलीला शिकले. २०१९ चा फेब्रुवारी होता. ‘शिकले’ हा शब्दही जरा मोठाच आहे. सात दिवसांच्या शेवटी मी मधल्या उतारावरून न पडता खाली येऊ शकत होते, वळू शकत होते आणि मुख्य म्हणजे थांबू शकत होते. थांबता येणं हे स्कीइंगमधलं निम्मं शिक्षण. त्यामुळे पुढे जे लिहितेय ते तज्ज्ञ म्हणून नाही, तुमच्याआधी चार वेळा पडलेली बाई म्हणून.

आधी दिवसांचा हिशेब करू, तुम्ही हिशेबाच्या ऑफिसातल्याच आहात. कोल्हापूरहून पुणे, तिथून विमानानं दिल्ली किंवा डेहराडून: एक दिवस. ऋषिकेश ते औलीच्या पायथ्याचं जोशीमठ साधारण अडीचशे किलोमीटर. नकाशावर हे अंतर कोल्हापूर-पुण्यासारखं दिसतं, पण अलकनंदेच्या काठानं वळत वळत जाणारा डोंगरी रस्ता आहे. दहा तास धरा, त्यात देवप्रयागला चहा आणि कुठेतरी दरड उपसणारा जेसीबी आला. रात्री या रस्त्यावर गाडी हाकू नये, त्यामुळे निघायला उशीर झाला तर रुद्रप्रयाग किंवा पिपलकोटीला मुक्काम. म्हणजे जाताना दोन दिवस, येताना दोन दिवस. पाचातून चार गेले. उरलेल्या एका दिवशी सासूबाईंना चेअरलिफ्टमध्ये बसवायचं, मुलाचा हातमोजा शोधायचा आणि स्कीइंगही शिकायचं!

एका दिवसात काय शिकता येतं ते सांगते, म्हणजे अंदाज येईल. पहिला तास बुटांत जातो. स्कीचा बूट म्हणजे प्लॅस्टिकचा कडक डबा. त्यात पाय आधी टाचेकडून बसवायचा, मग एकेक बकल आवळायचं. उभं राहिलं की बोटं पुढे किंचित टेकली पाहिजेत आणि गुडघे वाकवले की ती मागे सरकली पाहिजेत. तसं झालं तरच माप बरोबर. थंडी म्हणून दोन मोजे घालायचा मोह होतो, तो टाळा. एकच लांब मोजा, त्यावर एकही चुणी नको, नाहीतर दुपारपर्यंत नडगीवर फोड येतो. या बुटात पायरी उतरणं ही स्वतंत्र विद्या आहे. मी पहिल्या दिवशी गेस्टहाऊसच्या तीन पायऱ्या बसून उतरले.

मग सपाटीवर एका पायात स्की घालून घसटत चालायचं. मग दोन्ही पायांत. मग आडवं उभं राहून जिन्यासारखं एकेक पाऊल उतार चढायचा, कारण शिकाऊ माणसाला लिफ्ट उशिरा मिळते. मग एकदाचे खाली तोंड करून उभे राहता, स्कीची पुढची टोकं जवळ आणि मागची बाजू फाकवलेली. शिकवणारी पोरं त्याला ‘पिझ्झा’ म्हणतात, कारण पायांमधला आकार त्या तुकड्यासारखा दिसतो. पिझ्झा रुंद केला की वेग कमी, अरुंद केला की जास्त. ऐकायला सोपं वाटतं. पण माणूस घाबरला की मागे झुकतो, आणि मागे झुकला की स्की पुढे पळतात. माझा शिक्षक जोशीमठचा विशी-बाविशीतला मुलगा होता. दिवसभर एकच सांगायचा, ‘मॅडम, पैर मत देखो, जहाँ जाना है वहाँ देखो.’ मी पायांकडेच बघायचे. पंचवीस वर्षं दूध उतू जाईल म्हणून खालीच बघायची सवय.

पडणं तर व्हायचंच. पडताना बाजूला, वरच्या अंगाला पडा. मग दोन्ही स्की उताराला आडव्या करून खालच्या बाजूला आणा आणि हातावर जोर देऊन उठा. पहिल्या दिवशी यालाच दम लागतो. तिसऱ्या दिवशी शरीर ऐकायला लागतं. म्हणून शिकायचं असेल तर उतारावर किमान पाच दिवस हवेत, हे माझं ठाम मत. गढवाल मंडल विकास निगम औलीला सात आणि चौदा दिवसांचे वर्ग घेत आलेलं आहे. मनालीची सरकारी गिर्यारोहण संस्था सोलंगला चौदा दिवसांचा प्राथमिक वर्ग घेते. गुलमर्गलाही केंद्र सरकारची स्कीइंग आणि गिर्यारोहणाची संस्था आहे. वयाची अट, वैद्यकीय प्रमाणपत्र, तारखा आणि फी दर हंगामात बदलतात, त्यामुळे थेट त्यांनाच फोन करून विचारा. एजंटकडून नको.

एजंटवरून आठवलं. बर्फाची गॅरंटी! हिमालयात हिवाळ्यात बर्फ पडतो तो पश्चिमी झंझावातांमुळे. हे झंझावात भूमध्य समुद्राच्या बाजूनं येतात, कधी ओळीनं चार येतात, कधी महिनाभर एकही नाही. आपल्या लग्नपत्रिकेवरची तारीख बघून ते निघत नाहीत. डिसेंबरअखेर औलीचा उतार कधी पांढराशुभ्र असतो, कधी वाळलेल्या गवताचा तपकिरी. जानेवारीच्या उत्तरार्धापासून मार्चच्या सुरुवातीपर्यंत शक्यता बरी असते. बरी, नक्की नाही. गुलमर्गसारख्या ठिकाणी २०२५ च्या फेब्रुवारीत खेलो इंडिया हिवाळी स्पर्धा पुरेसा बर्फ नाही म्हणून पुढे ढकलल्या आणि मार्चमध्ये घेतल्या. सरकारला जिथे गॅरंटी मिळाली नाही तिथे तुमच्या एजंटला कोण देणार? बर्फ बनवणारी यंत्रं असतात, औलीला २०११ च्या दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धांच्या वेळी आणली होती, पण त्या यंत्रांनाही हवा शून्याच्या खाली लागते. उबदार रात्री ती नुसतं पाणी फवारतील.

त्यामुळे २८ तारीख आणि स्की यांची गाठ सोडवा. तारीख पक्की असेल तर बर्फ पक्का नाही, आणि बर्फ हवा असेल तर तारीख सैल ठेवावी लागेल.

आता ‘शांत’ या शब्दाबद्दल, कारण तो तुम्ही पत्रात सहा वेळा लिहिलाय.

औलीला शनिवार-रविवारी शांतता शोधायला जाल तर फसाल. मैदानी भागातून गाड्या भरून येतात, भाड्याच्या गमबुटांचे ढीग लागतात, मॅगीच्या टपरीवर स्पीकर वाजत असतो. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात तर रोजच रविवार. पण फेब्रुवारीतल्या एखाद्या मंगळवारी दुपारी चार वाजता दिवसभराचे पाहुणे खाली उतरले की जे उरतं ते मी दुसरीकडे कुठे अनुभवलेलं नाही. समोर नंदादेवी, ७,८१६ मीटर. ऊन तिच्यावरून आधी सोनेरी, मग गुलाबी, मग राखाडी होत जातं. देवदारावरचा बर्फ मध्येच धप्पकन खाली पडतो. तेवढाच आवाज.

आणि मग साडेसहाला वीज जाते. नळ गोठलेला असतो. सकाळी एक बादली गरम पाणी मिळतं आणि ती सहा मजले चढून आणून देणाऱ्या पोराकडे दुसरी मागायची लाज वाटते. ज्या एजंटनं मला ‘उताराकडे तोंड असलेली खोली’ विकली होती तिची खिडकी जनरेटरकडे होती. शांत ठिकाण म्हणजे दवाखानाही लांब असलेलं ठिकाण. जोशीमठला प्राथमिक उपचार होतात, मोठ्या इस्पितळासाठी मात्र त्याच रस्त्यानं कित्येक तास खाली उतरावं लागतं. तुमच्या मनातली शांतता आणि सासूबाईंना लागणारी सोय या दोन्ही गोष्टी एका पत्त्यावर मिळत नाहीत.

औली अडीच ते तीन हजार मीटरवर आहे, आपलं कोल्हापूर साडेपाचशेच्या आसपास. अडीच हजाराच्या वर डोकेदुखी, मळमळ, झोप न लागणं हे धडधाकट माणसालाही होऊ शकतं. ७४ वर्षांच्या, बीपी असलेल्या बाईंना न्यायचंच असेल तर त्यांच्या डॉक्टरांनी स्पष्ट हो म्हटल्याशिवाय नाही. घरचं औषधांचं दुकान आहे म्हणून उंचीच्या त्रासावरची गोळी आपल्या मनानं सुरू करू नका. तुमच्यासाठीही पहिली रात्र जोशीमठला काढणं चांगलं, ते एकोणीसशे मीटरच्या आसपास आहे.

जोशीमठचा विषय निघालाच आहे, तर त्याचं आता सरकारी नाव ज्योतिर्मठ झालंय. २०२३ च्या जानेवारीत तिथे जमीन खचली, शेकडो घरांना तडे गेले, माणसं कडाक्याच्या थंडीत घरं सोडून बाहेर पडली. जोशीमठहून औलीला जाणारा सुमारे चार किलोमीटरचा रोपवे तेव्हापासून बंद पडला. जुन्या फोटोंवर आणि जुन्या प्रवासवर्णनांवर जाऊ नका. निघण्याआधी तो सुरू झालाय का ते विचारा, नसेल तर जीपनं चौदा-पंधरा किलोमीटर चढून जायचं. औलीतली चेअरलिफ्ट वेगळी, ती वरच्या उतारावर आहे. मला स्वतःला प्रश्न पडला होता की अशा खचत्या गावाच्या डोक्यावर आपण घसरगुंडी खेळायला जावं का. माझ्या शिक्षकाला फोन केला तर तो म्हणाला, ‘आप लोग नहीं आओगे तो हम नीचे जाके क्या करेंगे?’ प्रश्न त्यानं मिटला नाही. पण आता तिथे गेले की मी मोठ्या हॉटेलात उतरत नाही, पाणी जपून वापरते आणि शिक्षकाचे पैसे त्याच्याच हातात देते. यापलीकडे माझ्याकडे उत्तर नाही.

गुलमर्गकडे येऊ. तुमच्या मुलीचं म्हणणं चुकीचं नाही. श्रीनगर विमानतळावर उतरलं की पन्नास-साठ किलोमीटर, त्यातले तंगमर्गपासूनचे शेवटचे तेरा चढाचे, बर्फात चाकांना साखळ्या लावून. म्हणजे दिवसाच्या दिवसात पोचता. साहित्य आणि शिकवणारे भरपूर, नवख्यांसाठी गावातच सौम्य उतार. बर्फही औलीपेक्षा सहसा जास्त. गोंडोलाचा, म्हणजे तिथल्या केबलकारचा, दुसरा टप्पा अफरवट डोंगराच्या खांद्यावर, जवळजवळ चार हजार मीटरवर नेतो, पण तिथला सैल बर्फ मुरलेल्यांसाठी आहे. हिमस्खलनाचा धोका असतो आणि माणसं दगावलेली आहेत. तुम्ही तिथून फक्त डोंगर बघा आणि गोंडोलानंच परत या. गुलमर्ग शांत नाही. स्लेजवाले, घोडेवाले, भाव करणारे, सगळे आहेत. पण सकाळी नऊच्या आत उतारावर पोचलात तर दोन तास तुमचे.

सासूबाईंची भीती मात्र थट्टेवारी नेऊ नका. २०२५ च्या एप्रिलमध्ये पहलगामच्या बैसरनला जे झालं त्यात आपल्या महाराष्ट्राची माणसं गेली. त्यांनी टीव्हीवर जे पाहिलं ते त्यांच्या डोळ्यांपुढून जात नाही. ‘काही होत नाही हो’ म्हणून ते पुसलं जाणार नाही. त्यांचं मन नसेल तर त्यांनी येऊ नये, पण म्हणून कोणीच जाऊ नये असंही नाही. तुमचं स्वतःचं मन काय म्हणतं ते पत्रात कुठेच नाही. ते बघा, आणि जायच्या आधी त्या वेळच्या सरकारी सूचना बघा.

नारकंडाही डोक्यात ठेवा. शिमल्याच्या पुढे साधारण पासष्ट किलोमीटर, उंची २,७०० मीटरच्या आसपास, छोटासा उतार, सफरचंदाच्या बागा, आणि मोसम साधला तर खरोखर शांत. पण बर्फ औलीहूनही बेभरवशाचा.

आणि स्वित्झर्लंड? तिथे म्यूरेनसारखी गावं आहेत जिथे मोटारी जातच नाहीत, केबलकार आणि छोट्या रेल्वेनं वर जायचं, दाराबाहेर स्की घालायच्या. सुरेख आहे. पण लिफ्टचा पास, स्की-शाळेची फी, साहित्याचं भाडं, व्हिसा, विमानं हे सगळं पाच जणांसाठी मांडा आणि मग यजमानांना विचारा, दोन वर्षांनी म्हणजे नक्की कोणत्या महिन्यात. ‘दोन वर्षांनी स्वित्झर्लंड’ हा आपल्याकडे नकार देण्याचा फार सभ्य प्रकार आहे. माझ्या घरी तो ‘मुलांची लग्नं झाली की काशी’ असा होता. कधीकाळी खरंच गेलात तर औलीत आठवडाभर आधी पडून घेतल्याचा तिथे उपयोगच होईल. नवखेपणाची फी रुपयांत भरलेली बरी.

यजमानांबद्दल थोडं. त्यांच्या गुडघ्याला खरंच काही झालंय का? झालं असेल तर हाडांच्या डॉक्टरांचं मत घ्या आणि त्यांना स्कीवर उभं करायचा विषय बंद करा. झालेलं नसेल तर मला वेगळीच शंका येते. कुस्तीचा आखाडा सोडला तर कोल्हापूरचा माणूस चारचौघांत पाठीवर पडायला सहजी तयार होत नाही, आणि इथे तर बायको-मुलांसमोर पडायचं, तेही हसणाऱ्या मुलांसमोर. हे त्यांना विचारा, पण जेवणाच्या ताटावर नको. रात्री दुकान बंद करून येतात तेव्हा विचारा, दोघंच असताना. आणि त्यांना सांगा की यायचं म्हणजे स्की करायचीच असं नाही. औलीला वरून गोरसोंच्या कुरणाकडे चालत जाता येतं, बर्फ फार नसेल तर. उन्हात खुर्ची टाकून नंदादेवीसमोर पेपर वाचता येतो. दिवसाअखेर तुमचं पडणं ऐकायला कोणीतरी असावं, एवढंच काम त्यांना द्या. माझे यजमान आठवडाभर तेच करत होते. परत आल्यावर सगळ्यांना स्कीइंगचं तंत्र तेच समजावून सांगत होते.

तुम्ही धरून चाललाय की पंचविसावा वाढदिवस आहे म्हणजे सगळे पाच जण एका ठिकाणी, एकाच गोष्टीत, एकाच वेळी खूश असले पाहिजेत. हे कधी घडलंय का ताई? मागच्या कोणत्या सहलीत? मला वाटतं तुमच्या एका बेतात तीन बेत कोंबलेत: कुटुंबाचा सोहळा, दोघांचा निवांतपणा आणि तुमचं शिकणं. तुमच्या जागी मी असते तर २८ डिसेंबरला कोल्हापुरातच राहिले असते. सासूबाईंच्या हातून ओवाळून घेतलं असतं, मुलगी सुट्टीला घरी आलेली असेल, तांबडा-पांढरा झाला असता, मुलासाठी पांढरा वेगळा. त्यातच सोहळा झाला. मग फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात, तुमच्या ऑफिसचा मार्चचा गोंधळ सुरू व्हायच्या आधी, दहा-अकरा दिवस काढायचे आणि यजमानांसोबत औलीला जायचं. रविवारी पोचायचं, म्हणजे गर्दी खाली उतरत असताना तुम्ही वर चढता. मुलीला कॉलेज बुडवून यायचं असेल तर ती तुमच्याबरोबर वर्गात बसेल. वीस वर्षांची पोरगी तुमच्या दुप्पट वेगानं शिकेल, त्याची तयारी ठेवा. मुलगा फुगेल. त्याला पुढच्या खेपेचं वचन द्या, पण ते ‘दोन वर्षांनी स्वित्झर्लंड’च्या जातीचं नको.

दहा दिवस निघतच नसतील, सहाच मिळत असतील, तर औलीचा नाद सोडा आणि मन तयार असेल तर गुलमर्ग करा. गर्दी सहन करा. आणि २८ डिसेंबर, पाच जण, पाच दिवस हे काही केल्या हलणार नसेल, तर त्याला ‘बर्फ बघायला जातोय’ म्हणा, कमी उंचीवरचं, दवाखाना जवळ असलेलं ठिकाण निवडा आणि स्कीचं नाव काढू नका. त्या सहलीत ती घातलीत की दोन्ही नासतील.

पैसे भरायच्या आधी फोनवर विचारायचं ते असं: उतारावर आज किती बर्फ आहे, आजचा व्हिडिओ पाठवता का. बर्फ नसेल तर तारीख बदलून देता की पैसे परत. एका शिक्षकामागे किती शिकाऊ. हेल्मेट मिळतं का (नसेल तर पुण्या-मुंबईहून घेऊन जा, त्याशिवाय उतारावर जाऊ नका). आणि प्रवासविमा घेताना स्कीइंग त्यात येतं का ते लेखी घ्या, कारण पुष्कळ पॉलिसींत साहसी खेळ वगळलेले असतात आणि ते बारीक अक्षरात असतं. रस्ता बंद झाला तर म्हणून परतीच्या तिकिटाआधी एक रिकामा दिवस ठेवा.

कपड्यांत जीन्स नको. पहिल्याच पडण्यात भिजते आणि मग दिवसभर थंड ओल्या पोत्यात वावरल्यासारखं होतं. आत घाम टिपणारं, मध्ये लोकर, बाहेर पाणी न शिरणारं. काळा चष्मा आणि उन्हाचं क्रीम विसरू नका, बर्फावरून उलटं येणारं ऊन हनुवटीखालूनसुद्धा भाजतं. हातमोजे मुलाला दोन जोड लिहिलेत, स्वतःलाही लिहा.

साहित्य घेताना तुमचं वजन विचारतील. खरं सांगा. स्कीला बूट धरून ठेवणारी खटकी त्या वजनावर आवळतात. पडल्यावर ती सुटली पाहिजे म्हणजे स्की पायापासून वेगळी होते आणि गुडघा वाचतो. पाच किलो कमी सांगितलेत तर ती नको तेव्हा सुटेल, फुशारकीनं जास्त सांगितलंत तर सुटणारच नाही. यजमान शेजारी उभे असतील तर शिक्षकाच्या कानात सांगा.

तयारी आजपासून करता येईल. रंकाळ्याची फेरी चांगली, पण ती सपाट आहे आणि स्कीइंगला मांड्या लागतात. पन्हाळ्याला जा आणि चढण्यापेक्षा उतरण्याकडे लक्ष द्या, गुडघे किंचित वाकवून, सावकाश. घरी भिंतीला पाठ लावून खुर्चीत बसल्यासारखं खाली बसायचं, आधी वीस सेकंद, मग वाढवत मिनिटभर. कुकरच्या तीन शिट्ट्या होईपर्यंत दोनतीन वेळा होतं. दोन महिन्यांत फरक कळतो.

हट्टीपणा करताय का, या प्रश्नाचं उत्तर: हो, करताय. दहा वर्षं धरून ठेवलेली गोष्ट हट्टाशिवाय राहत नाही. फक्त त्या हट्टाचा खर्च सासूबाईंच्या बीपीवर आणि यजमानांच्या गुडघ्यावर टाकू नका, तुमच्याच रजेवर आणि तुमच्याच मांड्यांवर टाका.

आणि ती यादी नव्यानं लिहा. ‘मी’ सगळ्यात वर. त्यापुढे बुटांचा नंबर, सेंटिमीटरमध्ये. कागदावर पाय ठेवून पेन्सिलनं टाच ते अंगठा मोजायचं, दोन्ही पाय, जो मोठा तो धरायचा. सकाळी नको, संध्याकाळी ऑफिसातून आल्यावर मोजा, दिवसभरात पाय थोडे फुगलेले असतात.